जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यावर चार बटणं तर बसवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विंडोज 10 बंद झाल्यावर जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय यावर लेख आला होता. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते ती जुन्या मशीनमध्ये नसते, तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका, असं लेखकाने सांगितलं आणि लेख तिथेच संपवला. सल्ला बरोबर आहे पण अर्धा आहे. लिनक्स टाकून होतं काय तर मशीन पळायला लागतं, आणि ज्या माणसाला ते वापरायचंय तो समोर बसून विचारतो, आता दाबू काय? मला या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल लिहायचंय, पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या, काटछाट केलीत तरी चालेल.

मी एका छोट्या वाचनालयाचं काम बघतो. आमच्याकडे 2 जीबी रॅमचा एक डबा आहे, तो एका दुकानदाराने "भंगारात द्या, पाचशे रुपये देतो" म्हणून ठरवून टाकला होता. देवघेवीच्या टेबलावर एक काकू बसतात. त्यांना इंटरनेट नको, ऑफिस नको, गेम नको. पुस्तक गेलं, पुस्तक आलं, पेन ड्राइव्ह काढला, संध्याकाळी बंद केलं, संपलं त्यांचं काम. मग चार कामांसाठी त्यांनी तीस आयकॉन आणि इंग्रजी मेनू का बघत बसायचं? त्यांना स्क्रीनवर चार मोठी बटणं पाहिजेत, मराठीत. आणि ती बटणं बाजारात मिळत नाहीत, आपली आपणच करावी लागतात. गंमत म्हणजे ती करणं वाटतं तितकं अवघड नाही.

लिनक्सवर खिडक्या हलवणं, झाकणं, पुढे-मागे करणं हे काम विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्राम करतो, आणि तो आपल्याला पाहिजे तो बदलून घेता येतो. मी वापरतो तो एफव्हीडब्ल्यूएम. रॉबर्ट नेशन नावाच्या माणसाने 1993 मध्ये टीडब्ल्यूएम नावाच्या त्याहून जुन्या मॅनेजरचा कोड उघडून, तो मेमरी फार खातो म्हणून कापून छाटून हा केला. तेव्हाच्या मशीनला परवडावं म्हणून केलेली वस्तू, त्यामुळे आमच्या डब्याला ती आजही जड जात नाही. दिसायला अगदी साधा, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल कॉम्प्युटर बिघडलाय. पण याच्यासोबत एफव्हीडब्ल्यूएमस्क्रिप्ट, थोडक्यात स्क्रिप्ट, नावाचं एक मॉड्यूल म्हणजे जोडप्रोग्राम येतो, फ्रेडरिक कोर्दिए यांनी लिहिलेला, आणि सगळा खजिना तिथे आहे.

एक साधी टेक्स्ट फाइल लिहायची. वर खिडकीचं नाव, लांबी-रुंदी, स्क्रीनवर कुठे उघडायची, रंग, फॉन्ट. खाली एकेक वस्तू, प्रत्येकीला नंबर. नंबर 1, प्रकार पुश बटण, इतकं रुंद इतकं उंच, डावीकडून इतक्या पिक्सेलवर, वरून इतक्या. मग मुख्य भागात, याच्यावर क्लिक आलं तर काय करायचं ते. बटणांशिवाय चेकबॉक्स, यादी, मेनू, लिहायची चौकट, सरकपट्टी, पातळी दाखवणारी पट्टी असं पण मिळतं. ज्यांनी व्हीबी सिक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिकवर, हात चालवलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की तिथे माउसने ओढून बटण बसवायचं आणि इथे आकडे लिहायचे. मी शाळेच्या चौकटीच्या वहीवर आधी पेन्सिलने काढतो आणि चौकटी मोजून आकडे टाकतो, हसू नका, त्याच्याइतकं फास्ट दुसरं काही नाही. एक खोडी मात्र लक्षात ठेवा, क्लिकसाठी जो शब्द आहे सिंगलक्लिक, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा के नाही, सीवरच संपतो. नवीन माणूस हमखास के लावतो आणि मग चालत का नाही म्हणून डोकं धरून बसतो.

आता कुणी म्हणेल खिडकी आणि बटण तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पण होतं. होतं ना. पण इथे बटण थेट विंडो मॅनेजरशी बोलतं. डू असं लिहून महिरपी कंसात जी कमांड दिली ती मॅनेजर स्वतः पाळतो, मग ती प्रोग्राम चालू करायची असो, दुसऱ्या डेस्कटॉपवर जायची असो की सगळ्या खिडक्या झाकायची असो. आणि उलट बाजूने मॅनेजरला सांगता येतं की ही चार बटणांची खिडकी कायम सगळ्यांच्या वर ठेव, प्रत्येक डेस्कटॉपवर दिसू दे, तिला वरची पट्टीच देऊ नकोस. पट्टी नाही म्हणजे फुली नाही, फुली नाही म्हणजे चुकून बंद होणं नाही. काकूंचा आधीचा निम्मा त्रास "अहो ते गेलं कुठे" हाच होता, तो तिथेच मिटला.

दुसरा त्रास डबल क्लिकचा. आपल्याकडे ज्यांनी क्लासमध्ये जाऊन कॉम्प्युटर शिकलाय ते प्रत्येक गोष्टीवर दोनदा टिचकी मारतात, बटण असो नाहीतर लिंक असो, आणि मग एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्या उघडतात, एकीत लिहिलं दुसरीत बघितलं, झाला गोंधळ. एफव्हीडब्ल्यूएममध्ये नन नावाची कमांड आहे, अमुक नावाची खिडकी उघडी नसेल तरच पुढचं कर असं सांगणारी. वाचायला छान वाटतं, पण जुन्या मशीनवर खिडकी यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि दुसरी टिचकी त्याच्या आतच पडते, तेव्हा खिडकी अजून आलेलीच नसते, म्हणजे नन पण फसतं. म्हणून मी काय केलं, क्लिक झाल्या झाल्या ते बटणच लपवायचं. स्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे, नंबर दिला की बटण गायब. आणि नियतकालिक कामं म्हणून एक वेगळा भाग असतो तो सारखा चालत राहतो, त्यात सेकंद मोजून थोड्या वेळाने बटण परत दाखवायचं. हे असलं डोकं कुठल्याही मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या काकूंसाठी कुणी चालवलं नसतं, का चालवावं, त्यांना जगभरातली गिऱ्हाइकं सांभाळायची असतात.

त्याच नियतकालिक भागाचा अजून एक उपयोग. स्क्रिप्टला कुठलीही बाहेरची कमांड चालवून तिच्या उत्तरातली अमुक ओळ, अमुक शब्द उचलून आणता येतो. आमचं देवघेव रजिस्टर म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक. दर मिनिटाला त्यातल्या आजच्या ओळी मोजायच्या आणि आकडा खिडकीच्या कोपऱ्यात दाखवायचा. काकू संध्याकाळी तो आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघतात आणि जुळला की मगच कुलूप लावतात.

आता मराठीचं दुखणं, ते लपवण्यात अर्थ नाही. एफव्हीडब्ल्यूएम बटणावरची अक्षरं ज्या पद्धतीने काढतो ती इंग्रजीला चालते, देवनागरीला नाही. देवनागरीत पहिली वेलांटी टाइप करताना नंतर येते पण दिसायला आधी पाहिजे, जोडाक्षरं जुळवून घ्यावी लागतात, आणि हे जुळवाजुळवीचं काम करणारा भाग त्यात नाही. फॉन्ट कितीही चांगला टाका, लोहित टाका नाहीतर मुक्ता टाका, वेलांटी भलतीकडेच आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. लोक इथेच वैतागतात आणि म्हणतात लिनक्सवर मराठी दिसत नाही. तसं नाहीये. जीटीके नावाचा खिडक्या-बटणांचा तयार संच वापरणारे प्रोग्राम अक्षरं पँगो नावाच्या लायब्ररीकडून काढून घेतात आणि तिथे मराठी अगदी स्वच्छ दिसतं. त्यामुळे मी दोघांची सांगड घातली. बटणावर अक्षरं लिहायचीच नाहीत, "पुस्तक दिलं" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं चित्र करायचं आणि ते आयकॉन म्हणून बटणावर डकवायचं, पुश बटणावर चित्र चालतं. आणि बटण दाबल्यावर जी प्रश्न विचारणारी चौकट उघडते ती याडची. याड किंवा झेनिटी हे छोटे प्रोग्राम आहेत, एका ओळीच्या कमांडने फॉर्म, यादी, हो-नाही असली चौकट दाखवतात. माणसाने जे भरलं ते मधे उभी रेघ टाकून एका ओळीत परत देतात, ती ओळ शेल स्क्रिप्टने, म्हणजे लिनक्सच्या कमांडची यादी लिहिलेल्या फाइलने, रजिस्टरच्या फाइलला जोडून टाकायची. बंद करायच्या बटणाला पण तेच, "खरंच बंद करू?" विचारायचं, होकार आला की शून्य परत येतो, नकार आला की एक, शून्य असेल तरच मशीन बंद.

पेन ड्राइव्हचं बटण तर प्रत्येक सरकारी ऑफिसात पाहिजे असं माझं मत आहे. कुणीतरी फाइल घेऊन येतं, कॉपी झाली न झाली तोवर ड्राइव्ह उपटतं, आणि घरी जाऊन फाइल उघडत नाही म्हणून बोंब. एक बटण, दाबलं की ड्राइव्ह अनमाउंट होतो, म्हणजे लिहिणं पुरं करून मशीनपासून सुटा होतो, आणि "आता काढा" अशी पाटी येते. पाटी येईपर्यंत काकू कुणाला हात लावू देत नाहीत, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत.

लोक मला म्हणतात एवढी खटपट कशाला, मिंट नावाचं लिनक्स टाका, एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप टाका, तयार आहे सगळं. घरच्या मशीनला तेच टाका, मी पण टाकतो. पण जिथे एकच काम करायचंय, दवाखान्याची नंबर पाटी, सोसायटीचं ऑफिस, दूध संकलन केंद्रावरची नोंद, तिथे तयार डेस्कटॉप म्हणजे दोन माणसांच्या खोलीत अख्ख्या लग्नाचं सामान. दुसरं म्हणतात मोबाइलवर ॲप आहे. आहे, पण मोबाइल माणसाचा असतो, माणूस घरी गेला की रजिस्टर पण घरी गेलं. आणि एक आक्षेप खरा आहे तो मान्यच केला पाहिजे. लिनक्सवाले आता स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी एक्स नावाची जुनी यंत्रणा सोडून वेलँड नावाच्या नव्या यंत्रणेकडे चाललेत आणि एफव्हीडब्ल्यूएम हा एक्सचा मॅनेजर आहे, वेलँडवर त्याला जागा नाही. नवीन मशीनवर याच्या भरवशावर इमारत बांधू नये. पण जुन्या डब्यावर जे आज चालतंय ते त्या डब्याचं आयुष्य संपेपर्यंत चालेल, आणि स्क्रिप्टमधलं तुमचं डोकं, म्हणजे फाइल कशी ठेवायची, काय विचारायचं, ते कुठेही उचलून नेता येतं. विंडोजवाल्यांना हेच ऑटोहॉटकी नावाच्या प्रोग्राममध्ये करता येईल, फाइलमध्ये लिहायचं आणि खिडकी उभी राहते.

माझा मूळ राग कॉम्प्युटर शिकवण्यावर आहे. शाळेत, क्लासमध्ये मुलांना अजूनही फाँट बोल्ड कसा करायचा, स्लाइडमध्ये फूल कसं उडवायचं हेच शिकवतात. बारावीचा मुलगा पायथनमध्ये अविभाज्य संख्या काढून दाखवतो पण आईच्या दुकानातलं उधारीचं पान भरायला एक खिडकी आणि दोन बटणं करून देऊ शकत नाही, कारण ते करता येतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं खिडक्या कंपन्या बनवतात. प्रॅक्टिकलच्या तासाला एक प्रयोग असा ठेवा, की घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाला विचारा तुमचं कॉम्प्युटरवर रोजचं काम काय, आणि त्याला तेवढ्याच बटणांची खिडकी करून द्या, भाषा कुठलीही वापरा. मार्क त्या माणसाने द्यायचे, मास्तरांनी नाही. आमच्या इथल्या एका मुलीने ती "पुस्तक दिलं"ची चित्रं करून दिली आणि नंतर स्वतःहून फाइल उघडून पाचवं बटण टाकलं, वर्गणी थकलेल्यांची यादी दाखवणारं. मला ते सुचलं नव्हतं आणि आता अध्यक्ष पहिलं तेच दाबतात.

आपल्या पुरवणीत जागा असेल तर असली एखादी पूर्ण फाइल छापा, वीस-पंचवीस ओळींची असते. कोड इंग्रजीत असला तरी छापा, वाचक टाइप करून बघतील, पूर्वी कॉम्प्युटरची मासिकं प्रोग्राम छापायचीच की.

आणि ज्यांना आजच कपाटातला डबा बाहेर काढायचाय त्यांनी आधी एवढं बघा की प्रोसेसर 64 बिटचा आहे का. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, त्याच्या 13 व्या आवृत्तीपासून त्यांनी 32 बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलंय, फारच जुना डबा असेल तर डेबियन 12 घ्यावं लागेल. रजिस्टरच्या फाइलची कॉपी रोज पेन ड्राइव्हवर जाऊ द्या, त्यालाही एक बटण करा, जुनी हार्ड डिस्क सांगून जात नाही.

कळावे,
आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, कराड