आवाज आणि ओठ जुळवून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचे आभार चारचौघांत मानायचे, असं मी ठरवलंच होतं. माझ्या आईला ऐकू कमी येतं. श्रवणयंत्र असलं तरी निम्मं बोलणं ती समोरच्याच्या ओठांवरून समजून घेते. घरातल्या जुन्या डीव्हीडी रिप करून, म्हणजे त्यातले चित्रपट फाइलमध्ये उतरवून, तिला पेनड्राइव्हवर दिल्या, तर आवाज ओठांच्या मागे पडायला लागला. आम्हाला ते नुसतं खटकत होतं, तिला मात्र संवादच लागेनात. "राहू दे, तुम्ही बघा," म्हणून ती उठून जायची.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के ही बटणं दाबून आवाज मागेपुढे कर. एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद सरकतो. तेवढ्यापुरतं जुळायचं, थोड्या वेळाने पुन्हा बिघडायचं. तुम्ही मात्र उपाय सांगायच्या आधी विचारलंत, "सुरुवातीला फरक किती आहे, आणि पुढे गेल्यावर किती?"

त्या एका प्रश्नाने सगळं उलगडलं. फरक शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर आवाज एकदा सरकवला की झालं. वाढत जात असेल तर वेगात गडबड आहे. आणि मध्येच एका जागी उडी घेत असेल तर बहुधा डिस्कवरच्या ओरखड्यामुळे काही फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं, गळाल्यात. तिथे फाइल तोडायची आणि पुढचा तुकडा वेगळा जुळवायचा.

मोजायचं कसं, तेही तुम्हीच शिकवलंत. बोलणाऱ्या तोंडावर नजर ठेवली तर अंदाज चुकतो, म्हणून दार आपटल्याचा, नाहीतर टेबलावर हात मारल्याचा प्रसंग शोधायचा. तिथे त्याच जे-के बटणांनी आवाज जुळवायचा आणि पडद्यावर उमटणारा आकडा लिहून घ्यायचा. दहाव्या मिनिटाजवळ ६०० मिलिसेकंद आले, विसाव्याजवळ १२००. ऐकताक्षणी तुम्ही म्हणालात, "म्हणजे तासाला ३.६ सेकंद. हजारात एक. तुमचा व्हिडिओ सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आहे आणि फाइलमध्ये नोंद २४ची झालीये." चित्र किंचित भरभर पळत होतं आणि आवाज बिचारा आपल्या बरोबर वेगाने चालला होता!

एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ फाइल जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ट्रॅक निवडून वेळ ताणायच्या रकान्यात १००१/१००० भरलं. चित्र पुन्हा एन्कोड करावं, म्हणजे नव्याने दाबून साठवावं लागलं नाही, म्हणून चित्राचा दर्जा जराही उतरला नाही. काही मिनिटांत काम झालं.

एका चित्रपटात आवाज चढा वाटत होता, पण सिंक, म्हणजे आवाज आणि चित्राचा मेळ, बरोबर होता. त्याला हात लावू नका, असं तुम्ही बजावलंत. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ने चालवतात, त्यामुळे चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच भरभर चालतात, १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो आणि सूरही चढतो.

अगदी काटेकोर जुळत नसेल तर आवाज जरासा मागे चालेल, पुढे नको, हा तुमचा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. लांबच्या माणसाचा आवाज एरवीही दिसण्यामागूनच पोचतो, म्हणून मेंदू तेवढं चालवून घेतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हेच आहे: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, मागे पडला तर साधारण १२५पर्यंत लक्षात येत नाही.

फाइल मागवून तुम्ही स्वतः दुरुस्त करून दिली असती तर तुमचाही वेळ वाचला असता. तरी तुम्ही मला शिकवत बसलात. परवा मावसभाऊ मोबाइलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ घेऊन आला, तेव्हा त्याला मी तुमचाच प्रश्न विचारला. त्यात फ्रेमचा वेग सतत बदलत होता. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट, म्हणजे एकसारखा वेग, निवडून तो नव्याने काढला आणि बरोबर जुळला.

आई आता चित्रपट शेवटपर्यंत बघते आणि मध्येच आम्हालाच गप्प बसवते. तिनेही तुम्हाला आवर्जून आभार कळवायला सांगितलेत.

तुमचा ऋणी,
आईचा धाकटा