उंबरठ्यावरचे हात

अहिल्यानगर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझ्या तरुण संघासाठी मी पाठवलेली टेड डेकर यांची ‘थ्री’ ही ख्रिस्ती थरारकादंबरी तू निम्म्यावर मिटून ठेवलीस आणि जे शुद्ध, जे श्रवणीय त्याचेच मनन करावे, हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले वचन मला लिहून पाठवलेस. तुझी काळजी मला पटते, कारण ती मुले तुझ्या हवाली आहेत. पण त्या वचनातली यादी कोणत्या शब्दाने सुरू होते, ते पुन्हा एकदा पाहा. ‘शुद्ध’ मागाहून येते. सर्वांत आधी ‘सत्य’ येते.

माझे वडील संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र ओळीने वाचत, आणि एकही अध्याय गाळायचा नाही असा त्यांचा नेम होता. मी बारा वर्षांचा असताना शास्ते या पुस्तकाचा 19 वा अध्याय आला. गिबा गावात रात्रीच्या मुक्कामाला उतरलेल्या एका लेव्याने, म्हणजे लेवी वंशातल्या माणसाने, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपल्या उपपत्नीला दाराबाहेर ढकलले, गावगुंडांनी रात्रभर तिची विटंबना केली आणि उजाडता उजाडता ती त्याच दाराशी येऊन कोसळली. तिचे हात उंबरठ्यावर होते, हे वाचताना वडिलांचा आवाज घोगरा झाला, पण ते थांबले नाहीत. तो तिला उठायला सांगतो आणि उत्तर येत नाही, हे त्यांनी वाचले. पुढे तिच्या देहाचे बारा तुकडे होतात, तेही वाचले. त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघराचा उंबरठा मला ओलांडवेना. बाहेरच्या गुंडांपेक्षाही बंद दाराआड सकाळपर्यंत थांबलेल्या त्या माणसाची मला अधिक भीती वाटली, आणि ती भीती मी आजवर विसरलेलो नाही.

म्हणूनच ख्रिस्ती थरारकथेत किती रक्त सांडते याचा हिशेब मला महत्त्वाचा वाटत नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या बाजारात शिवी सहसा चालत नाही, शृंगार दाराआडच राहतो, पण खून चालतो; हे सोवळे मला नेहमीच खटकत आले आहे. लेखक दुष्टपणाला कुठे बसवतो, हे मी पाहतो. फ्रँक पेरेटी यांची 1986 सालची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ तुला आठवत असेल. लहानशा गावावर देवदूत आणि सैतानी आत्मे यांची झुंज चाललेली असते, आणि विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेने देवदूतांना बळ येते. आपण दोघांनी ती एका बैठकीत संपवली होती. या प्रकाराला मोठा वाचक तिनेच मिळवून दिला आणि प्रार्थनेविषयीची तिची कळकळ खरी आहे. तरीही तिच्यात काळोख बाहेरून झडप घालतो आणि वाचक स्वतःला सहज देवदूतांच्या बाजूला उभा करून मोकळा होतो.

डेकर यांनी 2003 मध्ये ‘थ्री’त ही सोय काढून घेतली. केव्हिन हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी गाडी चालवत असताना फोन वाजतो, आणि स्लेटर नावाचा अनोळखी माणूस त्याला बजावतो की तीन मिनिटांत आपले पाप जगापुढे कबूल कर, नाहीतर गाडी उडवून देईन. कोणते पाप, हे तो सांगत नाही. तुला हाच भाग क्रूर वाटला. मला तोच सर्वांत ख्रिस्ती वाटतो. शेवट सांगून मी तुझा रसभंग करणार नाही, पण पुढचे वाचताना रोमकरांस पत्राचा 7 वा अध्याय उघडा ठेव, जिथे प्रेषित पौल म्हणतो की जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही आणि जे नको तेच मी करतो. गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट नाथान संदेष्ट्याने सांगितल्यावर, स्वतः दुसऱ्याची बायको हिरावलेला दावीद राजा त्या गुन्हेगाराला देहदंड फर्मावायला निघाला होता, आणि तो मनुष्य तूच आहेस, असे उत्तर त्याला मिळाले. उत्तम रहस्यकथा याहून वेगळे काय करते?

या प्रकारातले सगळेच मला मान्य आहे असे मात्र समजू नकोस. भीती वाढवण्यासाठी लहान मुलांच्या यातना मांडणाऱ्या कादंबऱ्या मी स्वतः बाजूला ठेवल्या आहेत. त्याहून मला सलते ते शेवटच्या प्रकरणातले घाईचे मनपरिवर्तन, जिथे तीनशे पाने होरपळलेला माणूस दोन पानांत बरा होतो. ज्यांच्या घरात खरोखरच काही भयंकर घडले आहे, अशा वाचकांवर हा अन्याय आहे.

आणि हे परदेशी खूळ आहे असे तू लिहिलेस, म्हणून आठवण करून देतो. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले, आणि मराठीतली पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात विधवांचे केशवपन आणि त्यांचे हाल त्यांनी झाकून ठेवले नाहीत. ती थरारकथा नव्हे, पण घराच्या आतला काळोख दाखवायला आपला पहिला ख्रिस्ती कादंबरीकार कचरला नव्हता.

तेव्हा जिथे थांबलास तिथून पुढे वाच. संपल्यावरही मुलांच्या हाती देऊ नये असे वाटले, तर मी हट्ट धरणार नाही. पुस्तक नाताळात येशील तेव्हा परत आण, आणि कोणत्या पानावर तुझे मन मागे फिरले तिथे खूण घालून आण. ते पान आपण दोघे मिळून वाचू.

तुझा स्नेहांकित मित्र