अंजिरी खण कापला

चि. माऊ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तो अंजिरी खण कापू नकोस गं, राहू दे तसाच." पण माऊ, मी तो कापला. तुझ्या आजीचा शालू आठवतोय ना? वर्षानुवर्षं जपून ठेवला, बाहेर काढला तेव्हा घडीवर उभा चिरला होता. या खणाचं तसं होऊ द्यायचं नाही मला. हा माझ्या सातव्या महिन्यात ओटीत आलेला, तू पोटात असतानाचा. कुठे ठेवायचाच असेल तर तुझ्या खांद्यावर.

बाळाचे लंगोट, डायपर, दुपटी घेऊन फिरायला पिशवी शिवते आहे. आजी म्हणतात, बाळ हाती येईपर्यंत शिवणाला हात लावू नये. त्यांचा मान ठेवून झबली, टोपडी, कुंची यातलं काहीही अजून बेतलेलं नाही. पिशवी मात्र बाळाची नाही, तुझी आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. बाळंतविडा बारशाच्या आधी होईल, काळजी करू नकोस.

आता कापडाचं सांगते. हा खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. तिथल्या मागावर नक्षी उभ्या जादा धाग्यांनी विणतात. उजव्या बाजूने बघितलं तर बारीक बुट्टे ओळीने उभे राहतात, उलटा केला की तेच धागे मोकळे तरंगताना दिसतात. बाळाचं नख, झबल्याचा बंद, चेनचा दात, काहीही त्यात अडकू शकतं. त्यामुळे उलटी बाजू उघडी ठेवायची नाही, हे आधीच ठरवलं. खणाच्या कडाही फार सुटतात. कापल्या कापल्या चारही बाजूंनी झिगझॅग मारून घेतली, मग पुढचं काम. त्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला. रंग किती सुटतो ते कळलं, आणि आकसायचा तेवढा आकसूनही गेला.

पन्हा 31 इंच आणि लांबीही तेवढीच. मला 20 बाय 16 चे दोन तुकडे हवे होते. एकाखाली एक ठेवले की 32 इंच होतात, म्हणजे इंचभर कमी. मग तळ खणाचा करायचा विचारच सोडला आणि बाबांच्या जुन्या जीनचा केला. खरं तर हेच बरं झालं. पिशवी दवाखान्याच्या बाकाखाली, लोकलमध्ये पायाशी, कुठेही टेकणार. खण ते सोसणार नाही, जीन सोसेल. तळाच्या कोपऱ्यांत अडीच इंचाचे चौकोन कापून जोडले, त्यामुळे तळ 5 इंच रुंद झाला आणि पिशवी आपली आपण उभी राहते. एक हात बाळाला लागतो, माऊ. पिशवी सावरायला दुसरा हात गुंतला की आईची फार तारांबळ होते.

पट्टा दीड इंची सुती निवाडीचा आहे. तो खणावर टाचलेला नाही, दोन्ही बाजूंनी थेट जीनच्या तळापर्यंत खाली नेलाय आणि तिथे वरून शिवणीचा चौकोन करून आत फुली मारलीय. भरलेल्या पिशवीचं सगळं ओझं जीन उचलते. जीनसाठी मशीनला 16 नंबरची सुई लावली.

अस्तर छत्रीच्या कापडाचं. ओलं झालं तर पुसलं की झालं. त्याला टाचणी लावली की भोक राहतं, म्हणून कपड्यांचे चिमटे लावून शिवलं. इस्त्री चुकूनही फिरवू नकोस, वितळेल. ओल्या लंगोटांसाठी याच कापडाची चेनवाली वेगळी थैली आहे, बटणावर अडकवलेली. ती काढून धुता येते.

बाजूला इलॅस्टिकचा उंच कप्पा आहे, तो तुझ्या पाण्याच्या बाटलीसाठी. बाळाला पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. पण पाजताना तुला स्वतःला सारखी तहान लागेल. आणि मागे अंगाला लागून एक सपाट कप्पा ठेवलाय, लसीच्या कार्डाच्या मापाचा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना ते कार्ड लागतंच, आणि रांगेत उभं राहून पिशवीत तळाशी हात घालायला वेळ नसतो.

आजींच्या जुन्या नऊवारीची एक पातळ घडीची गोधडी पिशवीत मावेल अशी करते आहे, बाळाला कुठेही आडवं करून लंगोट बदलता यावा म्हणून. चार पदरांवर धावदोरा त्या स्वतः घालताहेत. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी नको म्हटलं, ऐकत नाहीत. सुई ओवून दिली की तासभर उठत नाहीत.

हे सगळं वापरायला आहे, गं. दूध सांडेल, शी लागेल, बुट्ट्यांचे धागे ओढले जातील. लागू देत. "आईने दिलेली" म्हणून कपाटात ठेवलीस तर मला वाईट वाटेल. पहिले काही दिवस गार पाण्यात वेगळी धू, पांढऱ्या दुपट्यांबरोबर टाकू नकोस, आणि उलटी करून सावलीत वाळव.

पट्ट्याची लांबी तुझ्या उंचीला बेतलीय. जावईबापूही उचलणार, त्यांना तो तोकडा पडेल. म्हणून आतल्या बाजूला 6 इंच पट्टी दुमडून कच्ची टीप घातली आहे, ती उसवून घ्या. बाबा शनिवारी निघताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. खारकेची पूड आणि डिंकही त्यातच असेल, डबा नीट आहे का बघ.

तुझी,
आई