दगड हलवले तर काय उरतं?

लेथब्रिज, कॅनडा, ऑक्टोबर

प्रिय नंदे,

फोन केला असता तर पाच मिनिटांत आपलं भांडण जुंपलं असतं, म्हणून लिहायलाच बसले. मी बरी आहे. आईचा गुडघाही आता बरा आहे.

काल एका पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम संपलं. पॉर्क्युपाइन टेकड्यांच्या पायथ्याशी, कधीच नांगर न लागलेला माळ. तिथे खडीची खाण काढायची आहे. आणि त्या गवतात दगडांची वर्तुळं आहेत. तुला लगेच नागपूरजवळचं जुनापाणी आठवलं ना? मलाही. फरक एवढाच की विदर्भातली आपली वर्तुळं मेलेल्यांसाठी होती, ही राहत्या माणसांची आहेत. बायसनच्या कातड्याचा तंबू, म्हणजे टीपी, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेवर दगड ठेवायचे. मुक्काम हलला की खांब आणि कातडं घेऊन माणसं पुढे जायची, दगड तिथेच राहायचे.

त्यातल्या एका वर्तुळाचा नकाशा काढण्यात माझी अख्खी दुपार गेली. पश्चिमेच्या बाजूला दगड मोठे आणि दाटीने मांडलेले, कारण इथला वारा पश्चिमेचा, उभ्या माणसाला ढकलणारा. पूर्वेला दारापुरती फट. मधोमध तापून तडकलेले चार-पाच दगड, ती चूल. निम्म्या दगडांचे नुसते माथे वर दिसतात, त्यांवर नारिंगी दगडफूल चढलंय. आकार लहान. या भागात घोडे आले अठराव्या शतकात, त्याआधी सगळा संसार कुत्री ओढायची, त्यामुळे तंबूही बेताचेच असायचे. ‘लहान म्हणजे जुनं, असं कुठे असतं?’ हे तुझं वाक्य मला इथूनही ऐकू आलं. असत नाही, कबूल. पण कुणीतरी वाऱ्याचा अंदाज घेऊन एकेक दगड ठेवलाय, हे तर डोळ्यांना दिसतं ना?

घोर असा की रिपोर्ट मी लिहायचाय. निर्णय सरकारी खात्याचा, शिफारस माझी. वर्तुळांत सापडलं काय, तर हत्यार घडवताना उडालेले दगडाचे दोन छिलके आणि हाडाचा एक चुरा. एवढ्यावर ‘महत्त्व कमी, नोंद पुरेशी’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि लिहिलं जातंही. वर खाणवाल्यांच्या माणसाने अगदी सौजन्याने सुचवलं की दगड उचलून गावातल्या बागेत तसेच गोल मांडून देऊ, पाटीसुद्धा लावू. नंदे, माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दारातून पूर्वेला खालची घळ दिसते, पाणी आणि सरपण तिथेच. बागेत दाराची फट कुठे उघडणार, पार्किंगकडे?

तू म्हणायचीस, खापर नाही तिथे बोलायचं कशावर? इनामगावच्या उत्खननातली ताम्रपाषाणयुगातली घरं, त्यातली भांडी, चुली, धान्य, तेच खरं घर. त्यावरून आपण शिरूरच्या स्टँडवर इतक्या मोठ्याने भांडलो की गणपतरावांना वाटलं, पैशांवरून काहीतरी झालंय. माझं उत्तर आजही तेच आहे. जे लोक सगळं बरोबर घेऊन निघतात, त्यांच्या मागे रिकामी जागाच राहणार. वस्तू मोजून महत्त्व ठरवलं तर फिरत्या माणसाच्या वाट्याला कायम शून्यच येणार.

इथून जवळच हेड-स्मॅश्ड-इन आहे, बायसनना कड्यावरून पाडून शिकार करायची जुनी जागा. 1981 मध्ये जागतिक वारसा ठरलं, मोठं केंद्र आहे, बसगाड्या येतात. जवळजवळ सहा हजार वर्षं माणसं कळप हाकत हाकत तिथल्या कड्यापर्यंत आणायची. कड्याखाली हाडांचे थर दहा मीटरहून खोल गेलेत. खालच्या सपाटीवर कातड्याने मढवलेल्या खड्ड्यांत तापलेले दगड टाकून हाडांची चरबी उकळून काढत. स्थानिक वाळूखडक तापवला की भुगा होतो, म्हणून क्वार्टझाइटचे गोटे लांबून वाहून आणलेले! हे वाचलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. पण तो कडा म्हणजे कामाची जागा. ती माणसं निजायची कुठे, पोरं खेळवायची कुठे? अशाच वर्तुळांत. कड्याला वारसा म्हणायचं आणि घरांची खडी करायची?

आणि एक गोष्ट, ही फक्त तुलाच सांगतेय. ब्लॅकफूट, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ‘इनिस्किम’ नावाचा दगड जपतात. दुष्काळात सरपण गोळा करणाऱ्या एका बाईला तो गाताना सापडला आणि बायसन परत आले, अशी त्यांची कथा. इनिस्किम पुष्कळदा अमोनाइटचा, म्हणजे शंखासारख्या एका समुद्री जिवाच्या जीवाश्माचा, तुकडा असतो. म्हणजे तुझ्या आजीच्या देवघरातल्या शाळिग्रामाचाच भाऊबंद. मेजरव्हिलच्या टेकडीवरच्या दगडी राशीतही ते मिळालेत, आणि त्या राशीची सुरुवात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. आमच्याबरोबर माळावर आलेल्या पिकानी (ब्लॅकफूटांपैकीच एक समाज) आजी वर्तुळात फटीतूनच शिरल्या, दगड ओलांडून नाही. दार आहे म्हणून दारातून. नकाशात हे कुठे दाखवू, सांग.

काटोल रोडच्या पलीकडचं आपलं ते वर्तुळ मुरमासाठी गेलं, तेव्हा तू ट्रकसमोर उभी राहिलीस आणि मी फोटो काढत बसले. बाळ्या अजून त्यावरून चिडवतो. फोटो काढायलाही कुणीतरी हवंच होतं, असं मला आजही वाटतं. पण या वेळी नुसती नोंद करून मी थांबणार नाही. ‘जागेवरच राखावं, खाणीची हद्द मागे घ्यावी’ अशी शिफारस करणार आहे. पुढचं काम मिळालं नाही तर नाही. फक्त युक्तिवाद पक्का हवा, आणि त्यातली भोकं तुझ्याइतकी कुणाला सापडत नाहीत.

तुझी बदली रद्द झाली, बरं झालं. मीराला दहावीसाठी शुभेच्छा, गणिताला घाबरू नको म्हणावं. सरांकडे गेलीस तर माझा नमस्कार सांग. छताच्या गळतीचं काय झालं?

मसुदा ईमेलने पाठवतेय. गुरुवारपर्यंत वाच आणि काटछाट करताना दयामाया दाखवू नकोस. मुरमाच्या आधीचे ते फोटो तुझ्या कपाटातल्या निळ्या फायलीत आहेत, तेही स्कॅन करून पाठव. रिपोर्टला जोडायचे आहेत.

तुझी,
वैजू