लॅगिंगवाल्या मामांना उघडं पत्र

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंत, ठेकेदाराला उगाच राग यायचा म्हणून. मग कारखान्याचंही लिहीत नाही. मांजरा काठचा एक साखर कारखाना, एवढ्यावर भागेल. नाहीतरी आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या बॉयलर हाउसमध्ये शिरलं तरी तीच वाफ आणि तेच उचकटलेले पत्रे.

मागच्या हंगामाच्या शेवटी आपल्याकडं सात जण रिटायर झाले. मांडव, शाल-श्रीफळ, भाषणं, जिलेबी. त्याच दिवशी तुम्ही पिशवी सायकलला अडकवून घरी गेलात. तुम्ही लॅगिंगचं, म्हणजे गरम पाइपांवर उष्णता अडवणारं वूल आणि वर पत्रा बसवायचं काम करणारे ठेकेदाराचे माणूस, त्यामुळं तुमच्या रिटायरमेंटची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती. मी मांडवात बसून जिलेबी खाल्ली आणि गेटपर्यंतसुद्धा आले नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आता चारचौघांत लिहितेय.

डिसेंबरातली ती रात्र तुम्ही विसरला असाल, मी नाही. सेफ्टीला रुजू होऊन मला तीन महिने झाले होते. महिन्याच्या तपासणीचा फॉर्म माझ्याकडं असायचा आणि त्यात एक रकाना होता, 'स्टीम लाइन इन्सुलेशन : ठीक / ठीक नाही'. मी 'ठीक'वर खूण केली होती. मिल हाउसच्या बाजूनं मान वर करून बघितलं, पत्रा चकाकत होता, झाली तपासणी. चार दिवसांनी तिसऱ्या पाळीत एक खलाशी, म्हणजे मशिनवरचा मदतनीस, टर्बाइनकडच्या शिडीवरून उतरताना घसरला. तोल सावरायला त्यानं हात टाकला तो नेमका उघड्या फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडावर. नोव्हेंबरात त्या जोडातली चकती, गॅस्केट, बदलताना तिथलं लॅगिंग काढलं होतं आणि परत कुणी बसवलंच नव्हतं. काढलेला पत्रा दोन हातांवर, भिंतीला टेकवून उभा होता. त्यावर कुणीतरी खडूनं फ्लँजचा नंबरसुद्धा घातला होता, हरवू नये म्हणून.

नशीब, ती एक्झॉस्टची, म्हणजे टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेल्या वाफेची लाइन होती, सव्वाशे अंशांच्या आसपासची. शेजारच्या मेन लाइनीत २१ किलो दाबाची, ३४० अंशांची वाफ असते. त्या लाइनीवर हात पडला असता तर काय झालं असतं, ते मी अजून नीट मनात आणू शकत नाही.

पोरगा ओरडला, सगळे धावले. कुणी टूथपेस्ट शोधायला पळालं, कुणी शाई लावा म्हणालं. तुम्ही ज्यूस हीटरच्या कामासाठी रात्री थांबला होतात. काही न बोलता त्याचं मनगट धरलंत आणि तळवा पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली नेलात. मला म्हणालात, "माय, घड्याळ बघ. वीस मिनिटं झाल्याबिगर सांगू नको." त्या वीस मिनिटांत तुम्ही त्याची अंगठी सोडवून काढलीत, सूज यायच्या आत. बर्फ आणणाऱ्याला परत पाठवलंत. डॉक्टर सकाळी म्हणाले, पाण्याखाली धरला म्हणून कातडी वाचली. दीड महिन्यानं तो कामावर आला. आजही मूठ आवळताना जरा ओढल्यासारखं होतं म्हणतो.

सकाळी मी ऑफिसात तो फॉर्म समोर घेऊन बसले होते. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तुम्ही फॉर्म हातात घेतलात, माझी खूण बघितलीत.

"कुठून बघितलीस हे?"

"खालून."

"बरं. चल, आता ते लेकरू उतरलं तसं उतरून बघ."

एवढंच. हातमोजे घालून त्या शिडीवरून तुम्ही मला तीनदा उतरवलंत. दर पायरीला विचारायचात, "इथं पाय निसटला तर हात कुठं जातोय? कोपर कुठं लागतोय?" जिथं हात जाईल तिथं खडूची फुली. मग दुसरी शिडी. मग साखर शिजवायच्या पॅनकडं जायची ती अरुंद वाट, जिथं वाकल्याशिवाय जाता येत नाही आणि वाकलं की पाठ ड्रेनच्या पाइपाला घासते. दुपारपर्यंत ४३ फुल्या झाल्या. त्यातल्या खालून दिसत होत्या फक्त नऊ.

मामा, ही तपासणी मला कुठल्या कोर्सात शिकवली नव्हती. कारखान्यात ऊर्जेचं ऑडिट झालेलं होतं. त्या यादीत मोठे व्हॉल्व्ह होते, कारण एक उघडा व्हॉल्व्ह साधारण मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता वाया घालवतो. पैशाच्या हिशेबानं ती यादी बरोबरच होती. पण आपल्या फुल्या पडल्या होत्या अर्ध्या इंची ड्रेनवर, वाफेचं झालेलं पाणी काढून टाकणाऱ्या स्टीम ट्रॅपच्या अंगावर, गेजच्या वळणदार नळीवर, पाइपाच्या सपोर्टवर. तिथून वाया जाणारी उष्णता कुणाच्या हिशेबात धरण्याइतकी नाही, पण माणसं रोज तिथंच घासून जातात. चालायच्या जागेपासून सात फुटांपर्यंत हात पोचेल ते झाकलेलं पाहिजे, असं बऱ्याच स्पेसिफिकेशनमध्ये असतं. ते वाक्य मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

टेपची गोष्ट तर मी आता प्रत्येक नव्या पोराला सांगते. मला कंपनीनं लांबूनच तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन दिली होती आणि मी ती मोठ्या ऐटीत नव्या पत्र्यावर रोखली. ३८ अंश. म्हटलं, बघा मामा, गार आहे. तुम्ही खिशातून इलेक्ट्रिशियनची काळी टेप काढलीत, बोटभर तुकडा पत्र्यावर चिकटवलात, तंबाखू मळेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, आता मार. ७१! चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि आरशासारखी आजूबाजूचीच दाखवतं, गन त्याला फसते. काळ्या टेपवर ती खरं बोलते. मला 'एमिसिव्हिटी' हा शब्द पाठ होता, तुम्हाला तो ठाऊक नव्हता, आणि टेप मात्र तुमच्या खिशात होती.

७१ म्हणजे किती, हेही मग मी शोधून काढलं. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी अमेरिकेत १९४७ साली कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते ते मोजून ठेवलंय. ४४ अंशांना सहा तास लागतात, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद, सत्तरच्या पुढं एक सेकंदही लागत नाही. म्हणून हात लागू शकेल अशा पत्र्याची मर्यादा ६० धरतात. आपल्याकडं पाइपावर थुंकून बघणारे वस्ताद अजून आहेत. थुंकी चुर्र झाली नाही की लाइन गार! ती चुर्र होते शंभराच्या पुढं, हात भाजतो साठाला. मधल्या चाळीस अंशांत किती जणांचे तळवे गेले असतील.

जानेवारीत तुम्ही मला सगळी लाइन पुन्हा फिरवलीत तेव्हा मी कुरकुरले होते, की ऑफ-सीझनला सगळं बघून झालंय, रजिस्टरला सही आहे. तुम्ही म्हणालात, "बैल दावणीला बघून काय कळतंय? औताला जुंपल्यावर बघ." ते मला पाइपाच्या वळणावर, एल्बोपाशी कळलं. ३४० अंशांची वाफ सुटली की दहा मीटरची लोखंडी लाइन चार सेंटिमीटरच्या आसपास लांबते. वरचा पत्रा तेवढा तापत नाही, म्हणून तेवढा वाढत नाही. स्क्रू ताणतात, रिव्हेट तुटतात, जोड उघडतो आणि फटीतून वूल डोकावतं. लाइन थंड झाली की फट पुन्हा मिटून बसते, जसं काही झालंच नाही. उन्हाळ्यात बघणाऱ्याला ती दिसणारच नाही.

त्याच फेरीत तुम्ही बाहेरच्या लाइनीचा एक पत्रा उघडून दाखवलात. खालच्या शिवणीला तांबूस ओघळ होता, मला वाटलं मळी सांडली असेल. आत वूल वाळून पापडासारखं कडक, वरून खाली सरकलेलं, आणि पाइपावर गंजाचे पापुद्रे. आधीच्या ठेकेदाराच्या पोरांनी पत्र्याच्या जोडाचं तोंड आभाळाकडं ठेवलं होतं. तुम्ही फार चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. "याच्या बापानं कधी माळवदावर राहिलं न्हाई का? पाणी कुठं पळतंय तेवढं तरी कळाया पाहिजे." मिरगाआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पांढरी माती टाकायची, पन्हाळ मोकळी करायची, हे जुन्या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पत्र्यालाही तोच नियम: वरच्यानं खालच्याला झाकायचं आणि जोडाचं तोंड भुईकडं. हंगामात लाइन गरम असते तोवर आत शिरलेलं पाणी उडून जातं. कारखाना बंद पडला की पावसाळाभर ते वुलात मुरतं आणि लोखंड खातं.

मागच्या आठवड्यात हे मी एकटीनं बघितलं. दोन दिवस चांगला पाऊस झाला होता. बगॅस यार्डाच्या, म्हणजे उसाची चिपाडं साठवायच्या जागेच्या बाजूचा पत्रा उघडला, वूल नुसतं दाबलं तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तुमचं वाक्य आठवलं, "भिजलेली वाकळ पांघरून थंडी जाती का?" कोरड्या वुलापेक्षा पाण्यातून उष्णता पंधरापट सहज पळते, म्हणजे वाकळीचा हिशेब तुम्ही बरोबर लावला होता. तेवढा पट्टा काढून टाकला. पाइपाची जाडी मोजून घेतली, मग ब्रश, रंग, नवं रॉकवूल, आणि जोड भुईकडं.

भट्टीपुढच्या आडोशाबद्दल मात्र हसू आवरत नाही. फायरमनला धग लागू नये म्हणून राखेच्या दारापुढं दोन पत्र्यांचा, मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवलेला पडदा होता. तो गायब. तुम्ही आणि मी अख्खा कारखाना पालथा घातला आणि सापडला कुठं, तर कँटीनमागं. एक पत्रा रांजणावर झाकण, दुसऱ्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. कँटीनवाली बाई पत्रा द्यायला तयार नव्हती. "भट्टीला कशाला झाकण?" असं तिनं विचारलं आणि तुम्ही तिला फायरमनच्या जागेवर पाचच मिनिटं उभं केलंत. एप्रिलचा महिना, बाहेर ४२ अंश. मिरच्यांसकट पत्रा परत आला. आता तो बोल्टनं पक्का आहे आणि काजळी धरली की पुसला जातो, कारण काळा झालेला पडदा धग परतवायच्या ऐवजी गिळतो.

एक गोष्ट तुम्ही फार थोडक्यात सांगितली होती. टर्बाइनच्या जुन्या बाजूला एका पाइपावर करडी-पांढरी दोरी गुंडाळलेली होती, अ‍ॅस्बेस्टॉसची असावी अशी, ज्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात बसतात. ती मी नखानं उकरायला गेले आणि तुम्ही माझा हात झटकलात. "ते पांढरं दिसलं की हात मागं." तुम्ही पोरसवदा असताना ती दोरी दातानं तोडायचात, म्हणालात. तेव्हा बरोबर असलेल्यांपैकी आता कोण कोण आहे, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलंय. तुमची नोंद कुठं असेल, मामा? मी ठेकेदाराकडं दोनदा विचारलं, तो हसला. तिसऱ्यांदा लेखी विचारलंय. तोवर लातूरला छातीचा फोटो काढायला चला, गाडीची सोय मी करते. हो म्हणा नुसतं. त्या पाइपावर सध्या प्लॅस्टिक गुंडाळून फलक लावलाय आणि तुकडा प्रयोगशाळेत पाठवलाय.

बाकी कारखान्याचं म्हणाल तर, उघड्या व्हॉल्व्हांना काढता-घालता येणारी जॅकेटं मागितली होती. गॅस्केट बदलणाऱ्याला त्यांचे बंद सोडवून ती काढता येतात, काम झालं की परत घालता येतात, म्हणजे भिंतीला टेकून राहिलेल्या पत्र्याची भानगडच नको. मागितली चाळीस, मंजूर झाली बारा. स्टोअरवाले म्हणतात उरलेली पुढच्या हंगामाला. बारा कुठं घालायची ते ठरवायला मी तुमच्या फुल्या काढून बसले. पहिलं जॅकेट त्या शिडीजवळच्या फ्लँजला जाईल. आणि फॉर्म बदलून घेतलाय. 'ठीक / ठीक नाही' काढून टाकलं, त्या जागी 'इथून कोण जातो' आणि 'हात कुठं पडतो' असे दोन रकाने आलेत. चीफसाहेब म्हणाले, हे काय तपासणीचे प्रश्न झाले का? सही मात्र केली.

तो खलाशी आता माझ्याबरोबर फिरतो. उजव्या खिशात खडू, डाव्या खिशात काळी टेप. परवा नव्या ठेकेदाराच्या मिस्त्रीला त्यानं जोड उलटा बसवला म्हणून पत्रा काढायला लावला आणि वर माळवदाचं वाक्यही ऐकवलं, तुमच्याच सुरात. मिस्त्री विचारत होता, ही बोली कुणाची?

तुमची पत्रा कापायची कातर माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलीय. मूठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तीच. पोस्टानं पाठवायची नाही, पोळ्याला मी स्वतः घेऊन येते. काकूंना सांगा, पुरण जास्त घालू नका म्हणावं, बरोबर तो खलाशीपण येतोय.

तुमची,
सेफ्टीतली पोरगी