भरतीची वेळ आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंड म्हणजे लंडन, असं समजून परतणाऱ्यांसाठी हे पत्र. मुलगी न्यूकॅसलला असल्याने यंदा आम्ही ईशान्य इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडचे किल्ले पाहिले. क्रास्टर या कोळ्यांच्या गावातून डन्स्टनबरो किल्ल्याला गाडी जात नाही. समुद्राच्या कडेने, चरणाऱ्या मेंढ्यांमधून दोनेक किलोमीटर चालावं लागतं. गुडघे कुरकुरले, पण दुरून ते भग्न बुरूज दिसले आणि पाय आपोआप उचलले. लँकेस्टरच्या अर्ल थॉमसने १३१३ मध्ये तो बांधायला घेतला. राजाविरुद्ध बंड केलं म्हणून १३२२ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं.

क्रॅगसाइड या हवेलीची गोष्ट वेगळीच. तोफांचा कारखानदार आर्मस्ट्राँग याने तळ्याच्या पाण्यावर वीज करून १८७८ मध्ये घरात दिवा लावला. लिफ्टही पाण्याच्या दाबावर! स्वयंपाकघरात मांस भाजायची सळईसुद्धा पाणीच फिरवायचं. (यजमानीणबाईंपेक्षा स्वयंपाकिणीला जास्त आनंद झाला असणार.)

फजिती झाली ती लिंडिसफार्नला. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा छापलेल्या असतात, आम्ही त्या पाहिल्याच नाहीत. तीन तास अलीकडच्या काठावर गाडीत बसून सँडविच खाल्ली. पलीकडे टेकडीवर तो चिमुकला किल्ला दिसत होता. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्यन्सनेच त्या किल्ल्याचं राहतं घर करून दिलंय. पाणी ओसरून पोहोचलो, तोवर तिकीटखिडकी बंद.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका