डेझर्टेशन रद्दीत, पॉइंट फायलीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात आविष्कारच्या, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थी संशोधन स्पर्धेच्या, विद्यापीठ फेरीची बातमी आली. फोटो होता, कुलगुरू पोस्टर बघतायत, बाजूला दोन मुलं अवघडून उभी, खाली किती कॉलेजं आली आणि ढाल कोणी नेली वगैरे. सगळं ठीक, पण त्या पोरांनी नेमकं शोधलं काय याचं एक वाक्यही बातमीत नव्हतं हो. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, कापायचं तिथे कापा.

मी तालुक्याच्या गावात एका सिनियर कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता रिटायर. आविष्कारला मी नावं ठेवत नाही उलट २००६ पासून राजभवनाच्या पुढाकाराने हे चाललंय, भाषा आणि ललित कलांपासून शेती, पशुसंवर्धन, औषधनिर्माणापर्यंत सगळे गट आहेत, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पोरापासून पीएचडीवाल्यापर्यंत सगळ्यांना जागा आहे. खेड्यातली मुलगी परीक्षकांसमोर उभी राहून "सर माझं गृहीतक चुकलं, आकडे वेगळं सांगतायत" असं बिनधास्त म्हणते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना त्याची किंमत कळेल. पण पोस्टर गुंडाळून एसटीत बसलं की ते काम संपलं. परत कोणाला बघायचं असेल तर कुठे बघणार?

एक उदाहरण देतो. आमच्याकडे भूगोल एम.ए.ची एक मुलगी होती, तिने डेझर्टेशनसाठी, म्हणजे एम.ए.ला मार्कांसाठी लिहायच्या छोट्या प्रबंधासाठी, स्वतःच्या गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर यांची नोंद केली. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजायची, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून कुठली विहीर कुठल्या दुष्काळात आटली ते लिहायची. बोअर कधी मारला, किती फुटांवर पाणी लागलं, की फेल गेला. शेवटी हाताने काढलेला नकाशा, फेल बोअरला लाल टिंब. आणि ती लाल टिंबं बघा तर ओढ्याच्या एकाच अंगाला दाटी, तरी लोक त्याच अंगाला पैसे ओतत होते कारण शेजाऱ्याला लागलं म्हणून मलाही लागेल. आपल्याकडचा काळा पाषाण आहे, पाणी वरच्या मुरमात नाहीतर भेगांमध्ये, नुसतं खोल गेलं म्हणजे लागतंच असं नाही, हे तिने पुस्तकातलं वाक्य न टाकता स्वतःच्या गावावर दाखवून दिलं. वायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने कौतुक केलं, मार्क चांगले पडले, झालं. पुढे काही वर्षांनी त्याच गावात पाण्याचा ताळेबंद मांडायची टूम निघाली, बाहेरून माणसं आली, शून्यापासून विहिरी मोजायला लागली. त्या मुलीचं काम अस्तित्वात आहे हे ग्रामपंचायतीलाही माहीत नव्हतं. आणि डिपार्टमेंटची कॉपी तोपर्यंत नवीन कपाटाला जागा हवी म्हणून रद्दीत गेली होती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सगळ्यासकट किलोच्या भावाने.

हे एकट्या आमच्या कॉलेजचं नाही, कुठल्याही डिपार्टमेंटचं मागचं कपाट उघडा. काळ्या बाइंडिंगचं हे डेझर्टेशन, मुंबईकडे ज्याला ब्लॅक बुक म्हणतात ना, त्याच्या तीन प्रती निघतात, एक गाईडला, एक विभागाला, एक पोराच्या घरी माळ्यावर. पीएचडीचं तरी बरंय, यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने प्रबंध शोधगंगा या वेबसाईटवर टाकावा लागतो, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने ते काम खरंच चोख केलंय, घरबसल्या काही लाख प्रबंध फुकट उघडतात. पण एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या कामाला असं घर नाही. आणि आता तर हे काम वाढणार आहे, कारण नवीन शैक्षणिक धोरणात आपल्या राज्याने पदव्युत्तरला रिसर्च प्रोजेक्ट घातलाय, तिसऱ्या सेमला ४ क्रेडिट, चौथ्याला ६. म्हणजे दर वर्षी राज्यभरातून ढिगाने प्रोजेक्ट तयार होणार. त्यातले बरेच कट-पेस्ट असणार हे मलाही माहितीये, झेरॉक्सच्या दुकानात "कुठला विषय पाहिजे" असं विचारणारे लोक मी बघितलेत. पण जे खरे असतात ते फार खरे असतात.

मग कोणी लक्ष का देत नाही? कारण लक्ष सगळं पॉइंटकडे, म्हणजे प्राध्यापकाच्या नेमणुकीला आणि बढतीला मोजतात त्या गुणांकडे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमातला तक्ता काढून बघा. भाषा, मानव्य, कॉमर्सच्या प्राध्यापकाने एक पेपर छापला तर १० गुण, आणि देशातल्या प्रकाशकाकडून अख्खं पुस्तक आलं तरी १०. पुस्तकाच्या भाषांतराला ८. म्हणजे चार वर्षं खपून चारशे पानं लिहा नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आठ पानं, हिशोब सारखाच. माणूस काय निवडणार सांगा! त्यातून ते पैसे भरा आणि छापून घ्या टाइपचे जर्नल उगवले, सेमिनारची फी भरली की स्पेशल इश्यूत पेपर फिक्स. २०१८ साली करंट सायन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासून दाखवलं की यूजीसीच्या मान्य जर्नलच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेल्या, त्यांनी तपासलेल्या जर्नलपैकी ८८ टक्के कामाचे नाहीत. त्याच वर्षी यादीतून चार हजारांवर नावं उडाली. मग केअर लिस्ट नावाची चांगल्या जर्नलची नवी यादी आली, तिचं मुख्य केंद्र आपल्या पुणे विद्यापीठातच होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून आता कॉलेजांनीच ठरवा म्हणाले. यादी आली आणि गेली, तक्ता तसाच.

आणि कथा, कविता, नाटक लिहिणाऱ्या प्राध्यापकाचं तर विचारूच नका. जयंत नारळीकर सर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने गोष्ट पाठवतात, आणि पुढे त्यांच्या गोष्टी वाचून किती पोरं सायन्सला गेली असतील त्याची गणती नाही. ती गोष्ट आज कॅसच्या म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीच्या फायलीत कुठल्या रकान्यात बसवायची? किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी शिरूर तालुक्यात इनामगावला १९६८ पासून दीड दशक उत्खनन केलं, तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी घरातच जमिनीखाली आपली माणसं कशी पुरायचे ते उजेडात आणलं. त्याचा जाडजूड अहवाल इंग्रजीत, तो अभ्यासकांसाठी. पण म. के. ढवळीकर सरांनी तो सगळा काळ पुढे मराठीतही लिहिला, म्हणून माझ्यासारख्या माणसाला कळला. शास्त्रज्ञांसाठी एक आणि गावासाठी एक, असं दोनदा लिहिणारा प्राध्यापक मला मोठा वाटतो, त्याला पॉइंट मिळो न मिळो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पदव्युत्तर मुलांचे हे प्रोजेक्ट विद्यापीठाने स्वतःच्या साईटवर सगळ्यांना उघडे ठेवावेत, आणि प्रत्येकाला मराठीत एक पान सारांश जोडावा, त्यात गाव, तालुका, काय मोजलं, काय सापडलं. खर्चाचं कारण कोणी सांगू नये. शोधगंगा ज्या डीस्पेसवर चालते ते सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हर आणि एक जाणता माणूस लागतो, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन्ही असतात.

दुसरी हरकत नेहमीची, ऑनलाईन टाकलं की पोरं कॉपी करतील. अहो आत्ता काय होतंय? कपाटात आहे म्हणूनच तर चोरता येतं! एका कॉलेजचं डेझर्टेशन गावाचं नाव बदलून शेजारच्या जिल्ह्यात जमा होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही, कारण मूळ कुठेच दिसत नाही. चोरी पकडणारं सॉफ्टवेअर तरी कशाशी ताडून बघणार? उघडं असेल तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडेल. गाईडलाही जरा धाक राहील की आपलं नाव यावर कायम दिसणार आहे, न वाचता सही करणं कमी होईल. हां, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची नावं, फोन नंबर काढून टाकावे लागतील, बचत गट, कर्ज, आजारपण असे विषय असतील तर जास्तच जपून, ते शिकवायलाच हवं.

आपल्या पेपरला एक विनंती, कॉलेजांच्या बातम्यांच्या पानावर आठवड्याला एक प्रोजेक्ट छापा. स्नेहसंमेलनाच्या एका फोटोची जागा पुरते.

आणि कुठल्या विद्यापीठाच्या अधिसभेवरचा सदस्य हे वाचत असेल तर पुढच्या बैठकीत ठराव मांडा, की चौथ्या सेमचे प्रोजेक्टचे मार्क पोर्टलवर भरताना प्रोजेक्टची पीडीएफ आणि मराठी सारांश अपलोड झाल्याशिवाय मार्क सेव्हच होऊ नयेत. मसुदा हवा असेल तर संपादकांकडे कळवा, मी लिहून देतो, वेळच वेळ आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा